देवाचं वांगं, बियाण्याचं वांगं

पावसाळ्यापासून थेट मार्गशीर्षापर्यंत आमच्या घरात वांगं शिजत नसे, असं सांगितलं की माझ्या नाती हसतात. माळ्याचं घर, सगळी वाडी वांग्यांनी भरलेली, आणि ताटात वांगं नाही! पण तसंच होतं. आषाढी झाली की वांगं बंद, ते चंपाषष्ठीपर्यंत. आम्ही वांगी लावायचो, निंदायचो, खुडायचो, टोपल्यात रचून बाजारात न्यायचो, आणि घरी येऊन ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर जवसाच्या चटणीशी खायचो. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच आमच्या तोंडात पहिला घास. आता तर डॉक्टरनं वांगं कायमचंच बंद केलंय, त्यामुळे माझा चातुर्मास वर्षभर चालतो. दात नाहीत, भूक नाही, आणि खरं सांगायचं तर आठवणी काढायचाही कंटाळा येतो. पण ही एक गोष्ट माझ्यामागं सांगायला कोणी उरणार नाही, म्हणून लिहून टाकते.

आमची वाडी अमरावतीच्या परकोटाबाहेर होती. पहाटे मोट सुरू व्हायची. चाकाची कुरकुर, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, थारोळ्यात धो धो पडणारं पाणी, आणि या सगळ्यावर माझ्या बापाचा आवाज. आम्ही त्याला बा म्हणायचो. बाचा गळा गोड, पण तोंड खराब. एका ओळीत पांडुरंग आणि दुसऱ्या ओळीत बैलाला अशी शिवी की माय चुलीपाशी बसून कपाळावर हात मारायची. विहिरीजवळच्या निंबाखाली खंडोबाचं ठाणं होतं. ठाणं म्हणजे काय, एक उभा दगड, भंडारा लावून लावून पिवळाधमक झालेला. बा मोटेवर जायच्या आधी तिथं उभा राहून देवाशी बोलायचा. शेजारच्या वाडीतल्या माणसाशी बोलावं तसं बोलायचा, पाण्याचं, बैलाच्या खुराचं, मायच्या रागाचं. मला लहानपणी वाटायचं की देव उत्तरही देत असेल, फक्त मोटेच्या आवाजात आपल्याला ऐकू येत नसेल.

आमच्या वांग्याचं एके काळी बाजारात नाव होतं. हिरवट पांढरं, लांब, देठाला काटा नाही, आत बी कमी. माझ्या आज्यानं ते जपलेलं होतं. मी मात्र ते तसं पाहिलंच नाही. माझ्या कळत्या वयात आमचं वांगं बारकं झालेलं, देठाला काटे, चिरलं तर आत बियाच बिया, आणि मधूनच एखादं कडू. बाजारात मायच्या शेजारी बसणारी एक पालेभाजीवाली होती, ती टोपल्यात डोकावून म्हणायची, "काय वं बाई, वांगे आनले का लिंबं?" माय तिला तिथल्या तिथं झोडपायची, पण घरी येताना गाडीत गप्प बसायची.

बाला वाटायचं, देव रुसला. आणि देव का रुसला याचा शोध तो वर्षानुवर्षं घेत होता. त्याचं मूळ असं की माझ्या जन्माच्या आधी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली होती. घरोघरी माणसं मेली. आमच्या घरी तीन लेकरं होती. मोठी गंगू गेली, तिच्यामागून पाळण्यातलं गेलं, त्याचं अजून नावही ठेवलं नव्हतं. मधला महादेव तापानं फणफणत होता. बा उठला, निंबाखाली जाऊन दगडाला मिठी मारली आणि म्हणाला, एवढं एक ठेव, वाडीतलं सगळ्यात चांगलं वांगं दरसाल तुहं. महादेव जगला. त्या दिवसापासून त्याचं नाव खंडू. तो माझा दादा. पहिली काही वर्षं चंपाषष्ठीला एकच वांगं, वाडीतलं सगळ्यात मोठं, सगळ्यात देखणं, खंडोबापुढच्या शेणीच्या आरात भाजलं जायचं. मग वांगं जरा बारीक झालं. बा म्हणाला, देवाला कमी पडलं असेल. एकाची पाच झाली. आणखी बारीक झालं. पाचाचं टोपलं झालं. सगळ्या वाडीतून निवडून निवडून उत्तमातली उत्तम फळं देवाची, मधली बाजाराची, आणि हंगाम संपल्यावर झाडाला जी वाकडीतिकडी, कोणी न घेतलेली राहायची, ती पिवळी पडू देऊन त्यांचं बियाणं. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही. मी स्वतः परकराच्या ओच्यात देवाची वांगी वेचून आणायचे आणि बा माझी पाठ थोपटायचा.

दादा मॅट्रिक झाला आणि अकोल्याच्या सरकारी फार्मावर लागला. तिथं कपाशीची चांगली चांगली झाडं हेरून त्यांचं बी वेगळं ठेवायचं काम चालायचं. पुण्याकडचे एक साहेब त्याच्यावर होते. त्यांना दादाची बोली ऐकून हसू यायचं, म्हणून दादानं बोलीच बदलली. दिवाळीला घरी आला तो 'मला', 'तुला' करत. माय भाकर थापता थापता थांबली. "अवं माय! हा काय पुन्याचा जावई झाला काय? मला म्हनते!" दादा लाजला, पण त्यानं सोडलं नाही. साहेबांनी त्याला एक जाड पुस्तकही वाचायला दिलं होतं, पृथ्वीवरचे सगळे जीव हळूहळू बदलत कसे घडले याचं. ते पुस्तक त्याच्या अंगात आलं होतं. ओसरीवर, विहिरीवर, बैलांना वैरण टाकताना, तो तेच सांगत राहायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाडीत फिरला आणि बाला हाक मारली. एका झाडापाशी उकिडवा बसला होता. त्या झाडाला एक वांगं होतं, त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं, देठाला काटा नसलेलं. बानं ते आधीच देवाचं म्हणून हेरून ठेवलं होतं. दादा म्हणाला, "बा, आपण दरवर्षी काय करतो सांगा. सगळ्यात चांगलं फळ आगीत टाकतो. सगळ्यात खराब फळाचं बी धरतो. मग पुढच्या वर्षी काय येणार? खराबच. मग तुम्ही घाबरून आणखी चांगली फळं आगीत टाकता. देव रुसला नाही बा. आपणच आपलं वांगं मारलं."

बानं त्या फळाचा देठ बोटांनी चाचपला. त्याला ते पटलं होतं. माळीच तो, हातानं माती ओळखणारा, त्याला एवढं कळायला किती वेळ लागणार? पण पटलं म्हणूनच त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "हे फळ तुह्यावरचं हाये, खंडू. वांग्याचं नाई हे. तुह्या जिवाचं हाये." आणि मोटेवर निघून गेला. त्या दिवशी त्यानं बैलांना एकही शिवी दिली नाही.

संध्याकाळी ओसरीवर जेवणं झाल्यावर तो विषय पुन्हा निघाला. दादानं येताना बांधावरची काटेरिंगणी उपटून आणली होती, काट्यांनी भरलेली, गोटीएवढी फळं असलेली. ती वांग्याशेजारी ठेवून म्हणाला, "ही दोघं एकाच घराण्यातली. लाखो वर्षांमागं यांचा पूर्वज एकच होता."

"देवानं दोनी केले," बा म्हणाला.

"केले नाहीत, होत गेले. जे तगलं त्याचं बी पडलं, जे नाही तगलं ते संपलं. झाडं तशी, जनावरं तशी, आणि माणूसही तसाच. कोणी बसून घडवला नाही."

"मंग देव काय करते?"

"मला तरी त्यात देवाचं काम कुठं दिसत नाही बा."

बानं तोंडात सुपारी टाकली. "बरं. नसन दिसत. तुह्या त्या साहेबाच्या पुस्तकातलं सारं खरं असन. वांग्याचं त तू बरोबर बोलला, मी नाई कायले म्हनू? पन बी रुजते कोनाच्या हातानं? असंही असन का देवानंच हे निवडाचं काम लावून देलं असन, आन तो बसला असन पाहात."

दादा हसला. वाईट हसला नाही, पण हसला. तेवढ्यात माय आतून आली. ती भांडी घासत सगळं ऐकत होती. राखेचे हात तसेच धरून उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "खंडू, मले एक सांग. जे तगलं ते रायलं म्हनतं ना तू? मंग माही गंगू खराब बी होतं काय रे? आन ते लहानगं?"

"तसं नाही माय," एवढंच दादा म्हणाला. पुढं काय तसं नाही, ते त्याला सांगता आलं नाही. पुस्तकात ते नव्हतं. आणि बाजवळही त्याचं उत्तर नव्हतं, कारण त्याच्या देवानंही तीनातलं एकच ठेवलं होतं. माय आत जाऊन पुन्हा भांडी घासायला लागली. माझी मोठ्या मुलाकडची नात कॉलेजात हेच शिकते आणि परीक्षेच्या दिवशी देवापुढं उदबत्ती लावून जाते. तिला या दोन्हींत भांडण दिसत नाही. मीही कोणाला सांगत नाही की आहे म्हणून. पण मायचा तो प्रश्न आजही मला कोणी सोडवून द्यावा, पुस्तकवाल्यानं द्यावा नाहीतर देववाल्यानं. इतकी वर्षं झाली, दोघंही गप्प आहेत.

अकोल्याला परत जायच्या दिवशी दादानं त्या झाडाला लाल चिंधी बांधली. बा जवळ उभा होता. म्हणाला, "एक साल. एकच साल करून पाहू. देवाले मी सांगून देतो." मायनं हे ऐकलं तेव्हा घरात आग लागली. "नवसाचं हाये ते! देवासंग सौदे करता काय आता बुढेपनी?" चंपाषष्ठीला बानं खंडोबाला टोपलं दिलं, पण चिंधीवालं फळ त्यात नव्हतं. दगडापुढं हात जोडून तो म्हणाला, "यंदा दुसऱ्या नंबरचं घे. पोट्टा शिकला हाये, त्याचं मन मोडवत नाई." रोडगे नेहमीसारखेच खरपूस झाले होते, भरताला हिरव्या मिरचीचा ठसका होता, मी पोट फुटेस्तोवर खाल्लं. माय जेवली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अकोल्याहून तार आली. दादाला मुदतीचा ताप. वाडी शेजाऱ्याच्या हवाली करून आम्ही तिघं बडनेऱ्याहून गाडीत बसलो. माय वाटभर नुसती बाच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि तो खिडकीबाहेर. दादाची खोली मोर्णा नदीच्या काठाजवळ होती, एक खाट, एक कंदील आणि खुंटीवर सदरा. खाटेवरचा माणूस दादा आहे हे मला पटेना, गाल आत गेलेले, ओठ काळे. डॉक्टर येऊन जायचे, सांगायचे की मुदत संपेपर्यंत काही सांगता येत नाही. माय त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची, तांदळाची पेज चमच्यानं तोंडात सोडायची. मला इतकी भीती वाटायची की मी खोलीच्या दारातच बसून राहायचे.

एका सकाळी दादानं डोळे उघडले आणि बाचा हात धरला. त्या तापात त्याचं सगळं 'मला-तुला' गळून गेलं होतं. "बा, ते फळ तोडा. देवाले देऊन टाका. मले मरायचं नाई बा. तोडा ते." पुन्हा पुन्हा तेच. माय उठून उभी राहिली. "आयकलं? आता तरी आयकलं का? जा, आताच्या आता जा. पोट्टीले घेऊन जा, भाकर तरी टाकन. मी अथी हावो." बानं मान हलवली, दादाच्या केसांवरून हात फिरवला आणि मला घेऊन स्टेशनवर आला.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बानं घरात पाऊलही ठेवलं नाही, सरळ वाडीत गेला, मी मागं. चिंधीचं झाड तसंच उभं होतं. फळ पिवळं पडायला लागलं होतं, अजून पुरतं पिकलं नव्हतं. आत्ता तोडलं असतं तर बी कच्चंच निघालं असतं. बानं कनवटीचा चाकू काढला आणि झाडापाशी बसला. बसला तो बसलाच.

"कौशे," तो मला म्हणाला, "दिवाळीले तुहा भाऊ काय म्हनला होता?"

"तोडू नोका म्हनला होता."

"तवा ताप होता काय त्याले?"

"नाई."

"आन आता?"

मी रडायला लागले. "बा, तोडा ना. मायनं सांगतलं, दादानं सांगतलं. तोडा ना!"

"तापातलं बोलनं कोनाचं धरत असते काय, बाई? मानूस धडधाकट असतांनी एक बोलला आन तापात दुसरं. मी कोनाचं आयकू? तू सांग." मी काय सांगणार? मला फक्त दादा पाहिजे होता. मी पुढं होऊन फळाला हात घालायला गेले तर बानं माझं मनगट धरलं. मग त्यानं चाकू मिटला, निंबाखालून भंडाऱ्याची चिमूट आणली, झाडावरच्या त्या वांग्याला लावली आणि देवाशी बोलला, नेहमी बोलायचा तसाच, मोट चालू नव्हती म्हणून मला एकेक शब्द ऐकू आला. "मल्हारी, हे तुहंच हाये. पन तोडत नाई. पोट्टा म्हनते यात बी हाये. तुले खायचं असन त अथी झाडावरच खाय. त्याले हात लावू नोको." एवढं बोलून तो तिथंच मातीत बसून राहिला. मी भाकर केली, पिठलं केलं, त्यानं तोंडात घास घातला नाही.

नंतरचे दिवस मला कसे गेले ते आठवत नाही म्हटलं तर खोटं होईल, आठवतात, पण पुन्हा त्यात शिरायची ताकद नाही. बा रोज उठून आधी त्या फळाकडं जायचा. सडलं का, कीड लागली का, पाखरानं चोच मारली का बघायचा. फळ धड दिसलं की परत येऊन चहा घ्यायचा. मला त्याचा राग यायचा. माझा भाऊ तिकडं मरतोय आणि हा माणूस वांगं राखत बसलाय, असं मनात यायचं. आता माझं वय त्याच्या त्या वयाच्या दुप्पट होत आलं, आता राग येत नाही. इतका एकटा माणूस मी नंतर पाहिला नाही.

ताप उतरला. डॉक्टरच्या औषधानं उतरला, मायच्या पेजेनं उतरला, की उतरायचाच होता म्हणून उतरला, मला माहीत नाही आणि कोणी मला ते विचारूही नये. माय दादाला घेऊन घरी आली, तो काठी टेकत चालत होता. छकड्यातून उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, "तोडलं होतं ना?" बा म्हणाला, "देलं देवाले." मी चुलीपाशी भाकर थापत होते, थापत राहिले. मायनं निंबाखाली जाऊन दगडाला डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडली. दादा तिच्यामागं उभा होता. तिनं भंडारा लावायला हात पुढं केला तेव्हा त्यानं कपाळ पुढं केलं. लाखो वर्षांच्या गोष्टी त्यानं बंद केल्या होत्या. पंधरवडाभर राहून तो अकोल्याला गेला, तोवर बानं त्या फळाचं बी काढून, राखेत घोळवून, घराच्या धाब्यावर वाळवून चिंधीत बांधून ठेवलं होतं, हे फक्त मला माहीत होतं.

पुढच्या मृगात बानं त्या बियांचं रोप वेगळं टाकलं. दिवाळीपर्यंत झाडं फळांनी लटकली. अगदी आज्याच्या वेळचं वांगं म्हणता येणार नाही, काही झाडांना काटा होताच, पण बाकीची बघून बाजारातली ती भाजीवालीसुद्धा गप्प झाली. माय समजली की देवानं नवस मान्य केला. बा काही बोलला नाही. मीही नाही. चंपाषष्ठीला दादा रजा काढून आला. माय अंगणात शेण्यांच्या विस्तवात रोडगे भाजत होती. दादा वाडीत गेला आणि धावतच परत आला, हातात सगळ्यात मोठं वांगं, गुळगुळीत देठाचं. त्याचा चेहरा फार्मावरच्या माणसाचा झाला होता. "बा! हे कुठून आलं? हे बी कुठलं?" आणि बोलता बोलताच तो थांबला. त्याच्या लक्षात आलं. मी बघत होते, त्याच्या तोंडावरचा आनंद कसा उतरत गेला ते.

"तुमी तोडलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाई."

"मी मरून राहिलो होतो बा. मी तुमच्या हाताले धरून सांगतलं होतं."

"हव."

"आन तुमी माहा जीव या वांग्यावर लावला?"

"तूच म्हनला होता ना," बा म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "माह्यापाशी दोनच होते रे. एक देव, एक तू. देवाचं आयकून आयकून जलम गेला. त्या दिवशी म्हटलं, पोट्टा शिकला हाये, धड असतांनी बोलला ते खरं असन. मी तुह्यावर इश्वास ठेवला, खंडू."

दादा खाली बसला. शिकवणारा तो, पुस्तकवाला तो, आणि आज त्याच्याच शिकवणीवर बापानं भरवसा ठेवला म्हणून तो लहान लेकरासारखा दुखावला होता. मला त्याची दया आली आणि बाचीही. मग दादानं मान वर न करता विचारलं, "आन मी मेलो असतो त?"

बानं निंबाकडं बघितलं, मग वाडीकडं. "त मंग मी देवालेबी सोडलं असतं," तो म्हणाला, "आन तुह्या पुस्तकालेबी."

माय शेण्यांपाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ती बाला उभा फाडणार. वर्षभर जिच्यापासून लपवलं, तिनं काय नाही बोलावं? पण ती पुढं आली, दादाच्या हातातून ते सगळ्यात मोठं वांगं काढून घेतलं. बा म्हणाला, "अवं, ते देवाचं हाये." दादा म्हणाला, "माय, त्याचं बी धरायचं हाये." तिनं दोघांकडंही बघितलं नाही. विस्तव उकरला, वांगं आरात ठेवलं, चारी अंगांनी फिरवून फिरवून भाजलं, साल काढली, मीठ-मिरची-कांदा घालून कुस्करलं. "देवाले दुसरं द्या," ती म्हणाली, "बीले तिसरं ठेवा. हे माह्या लेकराचं हाये." आणि नैवेद्य दाखवायच्या आधी, आमच्या घरात कधी न झालेली गोष्ट, तिनं ते सगळं भरीत दादाच्या ताटात वाढलं आणि समोर बसली. "खाय," ती म्हणाली. दादा मान खाली घालून जेवला. बा आणि मी बघत उभे होतो, देवाचा नैवेद्य अजून व्हायचा होता, आणि माय त्याच्या ताटात दुसरा रोडगा चुरत होती.